नवं बिडिंग टाकूनही जुन्या गाडीच्या दरवाज्यातून शिट्टी आणि पाणी का येतं?

मृग जवळ आला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. मागच्या उन्हाळ्यात चारही दरवाज्यांचं बिडिंग, म्हणजे कडेचं रबर, नवं टाकलं, दिवाळीपर्यंत ठीक चाललं, आता परत साठच्या पुढे गेलं की कानाशी शिट्टी वाजते आणि पाऊस झाला की पायाखालची मॅट ओली. मिस्त्री म्हणतो, “रबर हलकं निघालं साहेब, भारीतलं टाकू.” भारीतलं टाकतात. पुढच्या मृगाला गाडी पुन्हा त्याच्याच दारात.

रबर हलकं असू शकतं. पण वर्षाच्या आत तक्रार परत आली तर दोष बहुतेक वेळा रबराच्या आधी कुठेतरी असतो. बिजागरीत, लॉकमध्ये, वाकलेल्या चौकटीत, नाहीतर दरवाज्याच्या पोटात. आणखी एक घोटाळा असा की शिट्टी आणि गळती ही एकाच फटीची कामं आहेत असं आपण धरून चालतो. पुष्कळदा त्या दोन वेगळ्या जागा असतात, आणि एक बुजवली की दुसरी नव्याने सापडल्यासारखी वाटते.

खाली जे लिहितोय ते मुख्यतः प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून, कारण माझ्याकडे तीच आहे. अँबेसेडरवाल्यांना त्यातलं जवळपास सगळं लागू पडेल. दरवाज्याला पत्र्याची चौकट, हाताने फिरवायची काच आणि पुढे तिकोनी क्वार्टर काच असलेल्या कुठल्याही गाडीचं गणित साधारण हेच.

हवा आत येते की बाहेर जाते?

गाडी पळते तेव्हा समोरची हवा पुढच्या काचेवर आदळते, काच आणि दरवाजा यांच्यामधल्या पुढच्या खांबाला वळसा घालते आणि दरवाज्याच्या वरच्या भागावरून जोरात मागे सरकते. हवा जिथे जोरात सरकते तिथे तिचा दाब उतरतो. म्हणजे खिडकीबाहेर दाब कमी आणि गाडीच्या आत जास्त. त्यामुळे दरवाज्याची वरची चौकट बाहेर ओढली जाते, रबरापासून केसभर सुटते आणि आतली हवा त्या फटीतून बाहेर पळते. शिट्टी वाजते ती या पळणाऱ्या हवेची.

हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जवळपास ३० किलो वजनाएवढा भरतो. ४० ला तो याच्या चौथाईवर असतो. म्हणून नाशिकच्या कॉलेज रोडवर फिरताना गाडी गुपचूप असते आणि महामार्गाला लागली की गायला लागते. त्यात समोरून ताशी २० चा वारा असेल तर गाडीच्या दृष्टीने तुमचे ८० म्हणजे १०० झाले, दाब दीडपट झाला. पावसाळ्यात नाशिकहून इगतपुरीकडे जाताना वारा साधारण तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. “जाताना आवाज होता, येताना नव्हता, म्हणजे मध्ये आपोआप बरं झालं” असं सांगणारे भेटतात. बरं काही झालेलं नसतं.

उभ्या गाडीवर पाऊस पडतो तेव्हा मात्र हे ओढण्याचं प्रकरण नसतं. पाणी वजनाने खाली येतं, पत्र्याच्या सांध्यातून झिरपतं, कडेकडेने सरकतं. शिट्टी बहुतेक दरवाज्याच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात असते. पाणी बहुतेक दरवाज्याच्या खालच्या अर्ध्या भागातून, नाहीतर दरवाज्याचा संबंधच नसलेल्या जागेतून येतं. म्हणून दोन्हींचा शोध वेगवेगळा घ्यायचा.

शिट्टी शोधणे

सगळ्यात आधी एक सोपी गोष्ट करा. आवाज येत असताना उलट बाजूची क्वार्टर काच बोटभर उघडा. आवाज बदलला, उतरला किंवा थांबला, तर तो आतल्या-बाहेरच्या दाबामुळे फटीतून निघणारा आवाज आहे. काडीचाही फरक पडला नाही, तर तो गाडीच्या बाहेरच तयार होतोय. बाहेरचे संशयित ठरलेले असतात: आरसा, रेडिओची काडी, टपावरचं कॅरिअर, टपाच्या कडेच्या पन्हाळीवरची सैल चकाकती पट्टी, आणि खिडकीवर हौसेने लावलेले प्लॅस्टिकचे रेन व्हायझर. या व्हायझरने भल्याभल्यांना महिनोन्‌महिने चकवलंय. एकेक काढून गाडी चालवून बघा. दरवाज्याला हात लावायची वेळच येणार नाही कदाचित.

आवाज दाबाचाच ठरला तर मास्किंग टेप आणा, रंगकाम करणारे वापरतात ती कागदी. दरवाजा बंद करून बाहेरून त्याच्या सगळ्या फटी टेपने बुजवा: वरची कड, पुढचा खांब, मागची कड, क्वार्टर काचेची चौकट, काचेखालची पट्टी. मग गाडी चालवा. आवाज गेला पाहिजे. गेला नाही तर परत बाहेरच्या संशयितांकडे वळा. गेला, तर टेप एकेका बाजूने सोडत पुन्हा तोच रस्ता, तोच वेग. ज्या तुकड्यानंतर आवाज परतला ती जागा. ज्या दरवाज्याने बाहेर पडायचं तो अर्थातच टेपून घेऊ नका. चालकाच्या दरवाज्याची पाळी असेल तर पलीकडून उतरण्याची सोय ठेवा. टेप त्याच दिवशी काढा. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस राहिली तर तिचा गोंद रंगावर बसतो.

रस्ता म्हणाल तर आडगाव ओलांडून ओझरकडे जाणारा महामार्गाचा पट्टा सकाळी लवकर बरा. वारा पडलेला असतो, रहदारी कमी. शहरातल्या लांब उड्डाणपुलावर हा उद्योग करू नका. तिथे आडवा वारा मधूनच झोडपतो, त्यामुळे आवाज ठरावीक येत नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमच्या संशोधनात रस नसतो.

चालवणाऱ्याने चालवावं, शोधणाऱ्याने शोधावं. सोबत कोणाला तरी घ्या आणि त्याच्या हातात ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा हातभर तुकडा द्या. आपल्याकडे ती नळी कोणाच्या ना कोणाच्या मळ्यात पडलेली असतेच. एक टोक कानाशी आणि दुसरं टोक बिडिंगच्या कडेने हळूहळू फिरवायचं. जिथे फट असेल तिथे आवाज एकदम मोठा होतो. नुसत्या कानाने अंदाज केला तर फसगत ठरलेली, कारण बंद गाडीत आवाज काचांवरून परततो आणि पुढच्या खांबातली शिट्टी मागच्या सीटवरून आल्यासारखी वाटते.

आणि हे सगळं करण्याआधी दरवाजा उघडून धूळ बघा. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात सध्या धुळीला तोटा नाही, तिचा हा एवढा तरी उपयोग. रबर नीट टेकत असेल तर खांबावर त्याच्या बाहेर धूळ आणि आत स्वच्छ पत्रा अशी सरळ रेघ दिसते. जिथे ती रेघ तुटून धूळ पिसाऱ्यासारखी आत पसरली आहे, तिथे हवा ये-जा करते. फुकटातला आणि बऱ्यापैकी खरा पुरावा.

दाब किती आहे ते कागदाने कळतं. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंदीची पट्टी बिडिंगवर धरून दरवाजा लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारख्या जोराने, अडखळत निघायला हवी. कुठे अलगद सुटली तर तिथे रबर टेकत नाही. कुठे फाटली तर तिथे गरजेपेक्षा जास्त दबतंय, आणि ते दबणंच दरवाज्याला दुसऱ्या टोकाला बाहेर ढकलत असण्याची शक्यता आहे. पट्टीच्या जोडीला खडू. रबरावर खडू घासायचा, दरवाजा एकदा लावून उघडायचा, आणि चौकटीवर उमटलेली पांढरी रेघ वाचायची.

बिजागरी, लॉक, चौकट: याच क्रमाने

दरवाजा अर्धा उघडा, मागचं टोक दोन्ही हातांनी धरून वर उचला. खडखड हलला तर बिजागरीच्या पिना आणि बुश झिजले आहेत. चालकाच्या दरवाज्यात हे जवळपास ठरलेलंच. रोज तोच उघडतो, आणि आपल्याकडे उतरताना दरवाज्याच्या टोकाला धरून उठायची सवय. पिन झिजली की दरवाजा मागच्या टोकाला खाली बसतो, वरचा मागचा कोपरा रबरापासून दूर जातो आणि खालचा कोपरा रबराला रगडतो. अशा दरवाज्याला नवं रबर लावलं की पहिले काही महिने ते जाड असल्याने फट झाकतं. मग दबून बसतं आणि झिजलेली पिन पुन्हा बोलायला लागते. दिवाळीपर्यंत ठीक चालण्याचं रहस्य बहुतेक इथेच आहे.

नवी पिन मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर भोक रीमरने गोल करून त्या मापाची जाड पिन लेथवर काढून घ्यायची. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत छोटं काम घेणारे लेथवाले आहेत. सोबत जुनी पिन आणि बिजागरी दोन्ही घेऊन जा, नुसतं माप तोंडी सांगू नका. दरवाजा काढण्याआधी बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत बसवताना सुरुवात कुठून करायची ते कळतं. एकट्याने दरवाजा उतरवायचा प्रयत्न नको.

बिजागरीवर टांगून, लाकडाचा ठोकळा लावून दरवाजा “वर उचलून” देणारे डेंटर आहेत. पाच मिनिटांचं काम, आणि दरवाजा खरंच लागायला लागतो. पण त्यात पिन झिजलेलीच राहते, वाकतो तो पत्रा. मी हे करू देत नाही.

पिना ठीक झाल्या की स्ट्रायकर बघायचा, म्हणजे खांबावरचा तो लोखंडी तुकडा ज्यात दरवाज्याचं लॉक अडकतं. तो आत-बाहेर आणि वर-खाली सरकतो. आधीची जागा मार्करने आखा, स्क्रू सैल करा, एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा, घट्ट करा आणि कागदाची पट्टी पुन्हा लावून बघा. दरवाजा लागताना लॉक स्ट्रायकरवर चढून दरवाजा वर उचलला जाता कामा नये. तसं होत असेल तर एकतर पिन अजून सैल आहे किंवा स्ट्रायकर उंचीला चुकला आहे.

बाहेरून पुढच्या आणि मागच्या दरवाज्याच्या सांध्यावरून नख फिरवा. मागच्या दरवाज्याची पुढची कड पुढच्या दरवाज्यापेक्षा किंचित आत असलेली चालते, बाहेर आलेली चालत नाही. बाहेर आली की ती समोरून येणाऱ्या हवेत उभी राहते आणि भणभण सुरू होते. ही भणभण ऐकून लोक रबर बदलतात, आणि काम असतं स्ट्रायकरच्या दोन स्क्रूंचं.

स्ट्रायकर फार आत घेऊ नका. दरवाजा आपटूनच लागतो, किंवा पहिल्या खटक्यावर अडकतो आणि दुसऱ्यावर जातच नाही, अशी गाडी घेऊन घाटात जाणं धोक्याचं आहे. शिट्टी परवडली.

आता चौकट. दरवाज्याचा खालचा भाग बरोबर बसतो, पण खिडकीभोवतीची वरची चौकट बाहेर कललेली असते. जुन्या गाड्यांत काच अर्धी असताना चौकटीला धरून दरवाजा ओढण्याची सवय याला कारण. वरच्या पुढच्या कोपऱ्यात कागद अलगद सुटत असेल आणि खाली घट्ट असेल, तर हेच. उपाय ओबडधोबड दिसतो पण कारखान्यातही दरवाजे असेच बसवत. काच पूर्ण खाली घ्या, लॉकच्या उंचीवर दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये चिंधीत गुंडाळलेला लाकडाचा ठोकळा धरा, आणि चौकटीचा वरचा भाग दोन्ही तळव्यांनी आत दाबा. गुडघा नको, झटका नको. थोडं दाबायचं, ठोकळा काढायचा, दरवाजा लावून कागद ओढायचा. पत्रा परत थोडा उसळतो, म्हणून जरा जास्त दाबावं लागतं, पण एकदम दाबलं तर चौकट काचेच्या चॅनलला पिळते आणि मग काच जड फिरायला लागते. हात बसलेला डेंटर असेल तर हे काम त्याच्याकडून करून घ्या, स्वतः शेजारी कागदाची पट्टी घेऊन उभे राहा.

इतकं झाल्यावर रबर

आता रबराकडे बघायला हरकत नाही. जुनं बिडिंग बोटाने दाबून बघा. दबून परत उसळलं तर ते बहुधा ठीक आहे आणि दरवाजा सरळ झाल्यावर त्यातच भागेल. दगडासारखं झालं असेल, किंवा वाकवल्यावर आडव्या बारीक भेगा उघडत असतील, तर त्याचं आयुष्य संपलं. या भेगा हवेतल्या ओझोनमुळे पडतात. ऊन आणि ताण त्यात भर घालतात. नव्या कामाला ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) स्पंज रबर मागा. ऊन, ओझोन यांना ते जुन्या रबरापेक्षा खूपच चांगलं टिकतं. मात्र तेलाला ते भितं. डिझेलचा हात मारणं, ग्रीस चोळणं, इंजिन ऑइलने चमकवणं या सगळ्याने ते फुगतं आणि मऊ पडतं. धुतल्यावर सिलिकॉनचा पातळ हात किंवा नुसती टाल्कम पावडर पुरे.

पद्मिनीचं मूळ मापाचं बिडिंग आता सहज मिळत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी बनवणं बंद करून पाव शतक झालं, आणि मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यावर रोजच्या खपाचा आधारही गेला. मुंबईच्या जुन्या भागांच्या बाजारात शोध घेता येतो. तिथे नवं म्हणून मिळणारं बिडिंग कधीकधी गोदामात वर्षानुवर्षं पडून आधीच कडक झालेलं असतं, तेव्हा वाकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नाहीतर मीटरवर मिळणारं पोकळ रबर घ्यायचं. ते घेताना लोक जाडीवर भाळतात. जाड म्हणजे चांगलं असं नाही. दरवाजा आणि चौकट यांच्यातली फट आधी मोजा: फटीत चिकणमातीची गोळी ठेवून दरवाजा लावा, उघडा आणि दबलेल्या गोळीची जाडी पट्टीने बघा. चार-पाच ठिकाणी हे करा. त्या जाडीपेक्षा साधारण दीडपट उंचीचं पोकळ रबर घेतलं की ते एक तृतीयांश दबून नीट बसतं. याहून जाड घेतलंत तर दरवाजा लागेना म्हणून स्ट्रायकर बाहेर घ्यावा लागतो, आणि मग दरवाजाच बाहेर.

तुमच्या गाडीचं बिडिंग चिकटवायचं आहे की पत्र्याच्या कडेवर दाबून बसवायचं, ते बघून पुढचं काम. दाबून बसणारं असेल तर ती कड सरळ आणि गंज नसलेली हवी. हातोडीने हलकेच सरळ करून घ्या, गंज घासून प्रायमर लावा. चिकटवायचं असेल तर जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे. जुन्या गोंदाच्या ढेकळांवर नवं रबर चिकटवलं की रबर लाटांसारखं बसतं आणि प्रत्येक लाटेच्या खोलगट भागात एक छोटी फट तयार होते. थिनर वापरणार असाल तर तो रंगावर सांडू देऊ नका. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्हीकडे पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. इथे घाई करणारे फार, आणि त्यांचं बिडिंग पहिल्याच उन्हात कोपऱ्यात सुटतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ताणून बसवल्याने. कारागीर रबर ओढत-ओढत लावतो, कारण ताणलेलं रबर सरळ आणि देखणं दिसतं, शिवाय वीतभर वाचतं. काही महिन्यांत ते आपल्या मूळ लांबीला येऊ पाहतं. कोपरे आतल्या बाजूला ओढले जातात, जोड उघडतो, आणि दोन्हीकडून हवा जाते. म्हणून रबर किंचित ढिलं, दाबत-दाबत भरायचं, विशेषतः कोपऱ्यांत. जोड दरवाज्याच्या खालच्या कडेला ठेवा, वर कधीच नको. पोकळ रबराला मध्येमध्ये टाचणीएवढी भोकं असतात, ती गोंदाने बुजवू नका; दरवाजा लागताना आतली हवा त्यातून निघते, नाहीतर रबर फुग्यासारखं अडतं. कोपऱ्यात पोकळ रबर चपटं होत असेल तर तेवढ्या भागापुरता आत बारीक नळीचा तुकडा सरकवून बघा.

फटींमध्ये सिलिकॉन भरून मोकळं होण्याचा मोह टाळा. आंबट वासाचं जे साधं सिलिकॉन मिळतं ते उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि ते एकदा लागलं की पुढे त्या जागी रंग धरत नाही.

क्वार्टर काच

पद्मिनीत शिट्टीचं माहेरघर कुठलं विचाराल तर मी क्वार्टर काचेकडे बोट दाखवेन. हवा पुढच्या खांबाला वळसा घालते ती नेमकी तिच्यावरूनच. तिचं रबर उभ्या दांड्याजवळ, वरच्या टोकाला फाटतं. दुसरं म्हणजे ती ज्या खिळीवर फिरते तिची खालची स्प्रिंग सैल पडते. काच बंद असूनही वाऱ्याने थरथरते. टेपने फक्त ही काच बुजवून एक फेरी मारा, म्हणजे शंका राहणार नाही. स्प्रिंगचा नट डोअर पॅड, म्हणजे दरवाज्याचं आतलं आवरण, काढल्यावर हाताला लागतो. तो एकेक वेढा आवळा. काच हाताने फिरायला जड पण अडकणारी नाही, इतपत. रबर नवं बसवताना साबणाच्या पाण्यात भिजवून घ्या. सुक्या रबराला स्क्रूड्रायव्हरने ढकललं की त्याची ओठासारखी कड कापली जाते आणि नवीन असतानाच शिट्टी मारते.

मोठ्या काचेच्या चॅनलमधली लोकरीसारखी लेस झिजली की काच खडखडते आणि वारा फडफडतो. ती बदलायला सोपी. त्यावर वेळ घालवत नाही.

दरवाज्याच्या पोटातलं पाणी

हे समजून घेतलं तर निम्म्या गळत्यांचा उलगडा होतो. दरवाज्याच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या पट्टीला चुकवून दरवाज्याच्या पोटात उतरणार, हे गृहीत धरूनच दरवाजा बनवलेला असतो. तळाला त्यासाठी भोकं ठेवलेली असतात. आतल्या बाजूला, डोअर पॅडच्या मागे, प्लॅस्टिकचा किंवा डांबरी कागद लावलेला असतो, म्हणजे पाणी पॅडकडे न येता खाली जावं.

भोकं बुजली की पाणी साठतं, दरवाजा लावताना डुचमळल्याचा आवाज येतो, आणि तळ आतून सडतो. बुजायची कारणं रंगकामात आहेत: लांबी (पुट्टी) भरताना, रंग मारताना, खालून काळा अंडरकोट फवारताना ती झाकली जातात. काचेच्या बाहेरच्या पट्टीवर तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. लगेच ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर बारीक तार घालून मोकळं करा. दरवाज्याच्या तळाला आडवे फोड उठावेत तसा रंग फुगलेला दिसला तर उशीर झालाय, पण तरी भोकं मोकळी करा.

कागदाचं काय होतं? काचेचं मशीन दुरुस्त करायला कोणी पॅड उघडतो, कागद टराटर फाडतो आणि तसंच पॅड ठोकून देतो. दरवाज्यात स्पीकर बसवणारे तर कागदाला खिडकीच पाडतात. मग पाणी पॅडच्या मागून सरळ उंबऱ्यावर आणि मॅटखाली. बाहेरचं बिडिंग सोन्याचं लावलंत तरी ही गळती थांबणार नाही. पॅडचा खालचा पुठ्ठा ओला, फुगलेला किंवा डागाळलेला असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

नवा कागद जाड पॉलिथिनचा, २०० मायक्रॉनच्या आसपासचा. शेततळ्याच्या अस्तराचा तुकडा घरात असला तरी तो वापरू नका, फार ताठ असतो आणि पॅडच्या क्लिपा बसू देत नाही. कडांना ब्यूटाइल पट्टी (चिकट रबरी पट्टी) लावून कागद चिकटवा. सगळ्यात महत्त्वाची खालची कड: ती दरवाज्याच्या आतल्या पत्र्याच्या खाचेतून परत पोटात सोडायची, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी आत जाऊन भोकातून निघेल. खालची कड पॅडच्या बाजूला लोंबती ठेवली तर सगळं पाणी शिस्तीत गाडीत येतं. स्पीकर ठेवायचाच असेल तर त्याच्या मागे कागदाची पिशवी करून तीही ब्यूटाइलने बंद करा.

तरीही मॅट ओली?

मग दरवाज्याला निर्दोष सोडा. पाण्याची नळी घ्या, तोटी न लावता, मंद धारेने. प्रेशरच्या पिचकारीने कुठलीही जुनी गाडी गळते, त्यातून काही सिद्ध होत नाही. मॅट आणि खालचं नमद्याचं अस्तर आधी उचलून टाका, आत टॉर्च घेऊन एकाने बसा, पत्र्यावर पावडर भुरभुरा. बाहेरच्याने खालून वर जायचं: आधी उंबरा, मग दरवाज्याची खालची कड, मग काचेखालची पट्टी, मग पुढची काच, शेवटी पन्हाळ. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पावडरमध्ये ओघळाची रेघ जिथून सुरू होते तिथवर मागोवा घ्या.

बहुतेक वेळा सापडतं ते यांपैकी: पुढच्या काचेच्या रबराची खालची कोपरी, टपाच्या पन्हाळीतल्या जुन्या सीलरला पडलेली चीर, वायपरच्या दांड्यांखालच्या चकत्या, आणि फरशीला असलेली गोल रबरी बुचं. काचेच्या रबरात न सुकणारं मस्तिक (फट बुजवायचा मऊ लगदा) भरतात, घट्ट होणारं नाही. पन्हाळीतली चीर खरवडून नवा सीम सीलर. फरशीची बुचं गळत असतील तर गाडी उभी असताना कोरडी आणि इगतपुरीच्या पावसात चाकांनी उडवलेल्या पाण्यातून गेल्यावर ओली, असा हिशोब लागतो. घोटीच्या पुढचा पाऊस नाशिकच्या पावसासारखा नसतो. शहरात सगळा हंगाम कोरडी राहिलेली गाडी तिकडे एका दुपारी उघडी पडते.

गाडी उताराला उभी असते का, तेही बघा. नाक खाली असेल तर पाणी पुढे साठतं, वर असेल तर मागच्या सीटखाली. गळती एका जागी आणि ओल दुसरीकडे, हे उतारामुळेच होतं. शोधताना गाडी रोजच्यासारखीच उभी करा.

सगळं झाल्यावर मॅट लगेच परत टाकू नका. नमदा वरून कोरडा लागला तरी आत आठवडाभर ओल धरतो आणि फरशी खालून गंजत राहते. तो बाहेर काढून उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. फरशीवर वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि चांगला पाऊस झाल्यावर उचलून बघा. ते कोरडं निघालं की मगच नमदा आणि मॅट जागेवर.